ब्रेकला नळाची पट्टी

गाड्यांच्या धंद्यात पडण्याआधी बारा वर्षं मी पाणी अडवायचं काम केलं. धरणं नाही बांधली हो! तळोदा-शहाद्याकडच्या केळीत, पपईत, उसात ठिबकच्या नळ्या जोडायच्या, बोअरच्या मोटारीला पाइप बसवायचे, गळका व्हॉल्व्ह बदलायचा, एवढंच. त्या धंद्यात आमचा एकच देव, टेफलॉनची पांढरी पट्टी. आट्यांवर सात वेढे मारायचे, पान्याने कसायचं, की पाण्याची काय टाप आहे बाहेर यायची! ती पट्टी माझ्या सदऱ्याच्या डाव्या खिशात चोवीस तास असायची. काही गळालं की हात आपोआप खिशाकडे. विचार करायची गरजच नाही.

पुढे ठिबकचं काम कमी झालं आणि मी नंदुरबारला एका उस्तादाच्या हाताखाली गाड्यांचं काम शिकलो. दोन वर्षं. क्लच शिकलो, पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा शिकलो, इंजिन खोलायला शिकलो. ब्रेकला मात्र उस्ताद कुणाला हात लावू द्यायचा नाही. गाडी जॅकवर चढली आणि काम ब्रेकचं असलं की आम्हाला म्हणायचा, "जा रे, चहा सांग." आम्ही चहा सांगून येईपर्यंत तो चाकापाशी पाठ करून बसलेला असे. पाठीवरून माणूस काय शिकणार? पण मला वाटायचं, आलं मला. नळी आहे, बोल्ट आहे, आत तेल आहे. पाण्याच्या नळीत नि तेलाच्या नळीत असा काय मोठा फरक? अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो मी, दुसरं काय.

मग खापरला रस्त्याला लागून पत्र्याची शेड टाकली. गिऱ्हाइकं बहुतेक जीपवाले. घाटावरच्या मोलगीच्या बाजाराला व्यापारी नि त्यांचा माल वर न्यायचा आणि संध्याकाळी खाली आणायचा, हा त्यांचा आठवड्याचा मोठा फेरा. माझी बायकोसुद्धा त्याच बाजारात प्लास्टिकच्या चपला विकते. दोन पोती चपला टपावर, स्वतः पुढच्या सीटवर, खिडकीशी. तिची जीप ठरलेली. चालक डोंगरातला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. घरी तो पावरी बोले, आमच्याशी अहिराणी. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला मिस्तरी. घाटात त्याच्याइतका सावध हात दुसऱ्याचा नाही, असं सगळे म्हणत. म्हणून बायको दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायची नाही.

त्या बाजाराच्या सकाळी दादाने जीप शेडपुढे उभी केली आणि म्हणाला, "मिस्तरी, पुढला चाककडे जरा देख." पाहिलं तर डाव्या चाकाच्या ब्रेकचा होज, म्हणजे तेल नेणारी रबरी नळी, फुगून चिरली होती. बदलायलाच हवी. नवीन नळी दुकानात मिळाली, पाकीट नसलेली, सुटी. माझ्या हातून होणारं ते पहिलं ब्रेकचं काम. मी मनातून खूश! चहा सांगायला पाठवणारं कुणी नव्हतं.

नळीचं टोक कॅलिपरला बसतं. कॅलिपर म्हणजे चाकाच्या चकतीला चिमट्यासारखं धरणारा भाग. नळीच्या टोकाला एक कडी असते, तिच्यातून पोकळ बोल्ट जातो, आणि कडीच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला एक असे तांब्याचे दोन वायसर बसतात. दुकानदाराकडे नवीन वायसर संपले होते. म्हणाला, दुपारी गाडी येईल. दुपारपर्यंत कोण थांबणार? म्हणून मी जुनेच वायसर गॅसवर लालबुंद तापवले, पाण्यात टाकले. तांबं असं नरम पडतं आणि परत बसतं. उस्तादाकडे एवढं मात्र पाहिलं होतं. पण हे वायसर आधीच कुणीतरी आवळून आवळून चेपवले होते. एकाला तर कडेला खाच पडलेली. मी ती पाहिली. पाहिली आणि तरी बसवला.

हवा काढली. बायकोने पेडल दाबून धरलं, आणि बोल्टाच्या बुडाशी तेल पाझरलं. धार नाही, नुसता ओलसरपणा. मी आणखी आवळलं. पुन्हा ओलं.

तोवर जीप भरत आली होती. भांडीवाला, लसूणवाला, तीन म्हाताऱ्या बायका, कुणाच्या पायाशी कोंबड्या. सगळे उठून-बसून माझ्याकडे बघत होते. उशीर झाला की बाजारातली जागा जाते. दादा चाकाभोवती फिरत होता. बोलली ती बायको. "आवो, व्हई का नही? का मी चपला आठेच इकू?"

सगळे हसले. आणि माझा हात खिशाकडे गेला.

सात वेढे. बोल्ट परत कसला, हवा काढली, पेडल दाबायला लावलं. कोरडं ठणठणीत! फडक्याने पुसलं, बोट फिरवलं, एक थेंब नाही. मी उठून उभा राहिलो तो छाती काढून. दादाने एकदाच विचारलं, "बरोबर शे ना, मिस्तरी?" मी म्हटलं, "डोया मिटीसन जाय." डोळे मिटून जा! ते शब्द आठवले की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जीप गेली. मी हात धुतले, आणि मला मिरवायची खाज सुटली. उस्तादाला फोन लावला. म्हटलं, उस्ताद, आज ब्रेकचं काम केलं, एकट्याने. तो म्हणाला, वा. मग विचारलं, वायसर नवीन टाकले का? मी म्हटलं, जुनेच, तापवून. गळत होतं जरा, पण मी आट्यांवर पट्टी मारली आणि बंद केलं.

पलीकडे पाना खाली आपटल्याचा आवाज आला.

"पट्टी?" उस्ताद म्हणाला. "बिरेकले? अरे येड्या, तो काय नळ शे का?"

आणि मग त्याने जे आधीच शिकवायला हवं होतं ते फोनवर शिव्या घालत शिकवलं. बोल्ट पोकळ असतो तो कशासाठी? तेल त्याच्या पोटातून जातं. अडवतात ते वायसर. आटे काही अडवत नाहीत. आट्यांवर पट्टी मारली की कसताना तिच्या चिंध्या होतात, त्या पुढे सरकतात, आणि तेलाच्या बारीक भोकात जाऊन बसतात. मग एका चाकाला ब्रेक लागतो, दुसऱ्याला उशिरा लागतो, किंवा लागतच नाही. "गाडी कोठे शे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मोलगीला गेली. "घाटमा?" तो एवढंच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला नाही, मीच ठेवला.

बायको त्या गाडीत, पुढे, डाव्या अंगाला. तिला फोन लावला, लागेना. दादाला लावला, लागेना. अक्कलकुवा सोडलं की फोन काय कामाचा! दुकानदाराकडे धावलो. पुरवठ्याची गाडी आली नव्हती, पण त्याने दुसऱ्या एका नव्या नळीचं पाकीट फोडून त्यातले दोन वायसर काढून दिले. सकाळी हे सुचलं असतं तर! पण सकाळी मी मागितलंच कुठे? ते दोन वायसर, पाने, एक चिंधी, ब्रेक ऑइलचा डबा, एवढं पिशवीत टाकलं आणि मोटारसायकलला किक मारली.

तो रस्ता मी शेकडो वेळा गेलोय. त्या दिवशी मात्र प्रत्येक वळण नवं होतं. वरून उतरणारी प्रत्येक गाडी मी हात करून थांबवायचो. "हिरवी जीप दिसली का? टपावर चपलांची पोती?" कुणी म्हणायचं, दिसली. कुणी म्हणायचं, आज सगळ्याच जीप दिसताहेत. एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "काय पळाली की काय बायको?" मला हसू आलं नाही.

देवगोईच्या घाटात तर मी वेडाच झालो. रस्त्यावर कुठे ओला डाग दिसला की गाडी उभी करायचो, खाली बसायचो, बोट लावायचो, चोळून बघायचो, वास घ्यायचो. ब्रेक ऑइल बोटांवर बुळबुळीत लागतं, पाण्यात मिसळतं, डिझेलसारखं दरवळत नाही. एक डाग डिझेलचा निघाला. एक कुणीतरी टाकलेल्या भाजीच्या रश्शाचा. एक डाग कसला होता ते मला अजून कळलं नाही, पण त्याच्यापाशी मी बराच वेळ बसून राहिलो. बकऱ्या चारणारी एक बाई वरून बघत होती. तिला वाटलं असेल, हा माणूस रस्ता चाटतो की काय.

एका वळणावर कडेची माती खरवडलेली दिसली. दरीकडची नव्हे, डोंगराकडची. ताजी होती. एक झुडूप मोडलेलं, चाकांचे ठसे. पण गाडी कुठे नव्हती. दरीत वाकून पाहिलं, नव्हती. मी देवाचं नाव घेत नाही फारसं, पण तिथे जेवढे आठवले तेवढे सगळे देव घेतले, आमचे आणि डोंगरातलेही. आणि पुन्हा निघालो.

मोलगीच्या बाजारात शिरलो तर पहिली दिसली ती बायको. चपलांचा ढीग मांडून एका पोराच्या पायाचं माप घेत होती. मला इतकं रडू आलं की मी मोटारसायकलवरूनच तोंड फिरवलं.

"आवो!" ती ओरडली. "तुम्ही आठे कसाले उनात? घर पेटनं का काय?"

मी म्हटलं, काही नाही, सहज. सहज! दोन तास धूळ खात कुणी सहज येतं का? पण तिच्यापुढे गिऱ्हाईक होतं म्हणून मी सुटलो.

जीप बाजाराच्या कडेला, इतर जीपांच्या रांगेत उभी होती. दादा तिथे नव्हता. मी कुणाला न विचारता जॅक लावला, चाक काढलं. बाहेरून बोल्ट कोरडा. तसाच कोरडा ठणठणीत, जसा सकाळी होता. तो उलगडून काढला आणि भोकात बारीक तार घातली. तारेबरोबर पांढरी चिंधी आली, बोटाच्या पेराएवढी. मग आणखी एक. भोक अर्ध्याहून जास्त बुजलेलं होतं.

मी त्या चिंध्या खिशात घातल्या. झटकन. आजूबाजूला पाहिलं, कुणी पाहिलं नव्हतं. भोक धुऊन काढलं, कॅलिपरचं तोंड पुसलं, नवे वायसर बसवले, एक आत, एक बाहेर, आणि बेताने आवळलं. मनात काय चाललं होतं तेही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. मनात होतं की झालं, सुटलो. आता कुणाला कळायची गरज नाही. शेड नवीन आहे, डोंगरातली गिऱ्हाइकं आत्ता कुठे यायला लागली आहेत. एकाने सांगितलं की दहा जण येईनासे होतात.

तेवढ्यात दादा आला. पान खाऊन आला होता. मला चाकापाशी पाहून थबकला.

"मिस्तरी? तू?"

म्हटलं, "तपासायले उनू, दादा. पेडल दाब जरा, हवा काढू."

तो आत बसला, पेडल दाबत राहिला. मी खालून निपल, हवा जायची ती चोच, सोडायचो, आवळायचो. हवा संपली, तेल साफ यायला लागलं. बोल्ट कोरडा. मी चाक चढवलं. दादा खाली उतरला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारच्या जीपवाल्यांना मोठ्याने म्हणाला, "देखा रे! आमना मिस्तरी खापरथून आठलोंग उना, नुसतं तपासायले!" सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. एकाने चहा मागवला.

मग दादा माझ्याजवळ जीपच्या मागच्या फळीवर टेकला आणि हळू बोलायला लागला. म्हणाला, आज घाटात एका उतारावर ब्रेक दाबला तर गाडी उजवीकडे, दरीकडे ओढायला लागली. स्टिअरिंग सगळ्या जोराने फिरवून त्याने ती डोंगराच्या मातीला घासून उभी केली. माणसांना वाटलं, पाणी प्यायला थांबवली. तो मात्र स्टिअरिंग धरून बसून राहिला होता.

मी विचारलं, "मंग तू ब्रेक नही देखा?"

"ब्रेक तू करेल शे," तो म्हणाला. "ब्रेकले काय देखू? माले वाटनं, मन्हा हातच गया." त्याने दोन्ही हात पुढे धरले. "वय व्हयनं, मिस्तरी. आज बाजारले एक माणूस गाडी इकत मांगी ऱ्हायना. सांजले त्याले हो म्हणी देस. परक्या माणसंस्ना जीव कसाले टांगू?"

गाडी विकतो म्हणाला. माझ्या पट्टीपायी! वीस-बावीस वर्षं त्या घाटात कुणाला ओरखडा येऊ न देणारा माणूस स्वतःच्या हातांकडे चोरासारखा बघत होता, आणि चोर शेजारी बसून चहा पीत होता.

मी खिशात हात घातला. खरं सांगतो, तरीही क्षणभर हात तिथेच थांबला. मग चिंध्या बाहेर काढल्या आणि त्याच्या तळव्यावर ठेवल्या. म्हटलं, "दादा, हात तुन्हा नही गया. हे मी करेल शे."

आणि सगळं सांगितलं. नळाची पट्टी, उस्तादाचा फोन, खाच पडलेला वायसर, जो मी पाहून बसवला होता. शेजारचे जीपवाले ऐकत होते. बायकोही केव्हा येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिच्या हातात एक चप्पल होती, एवढं आठवतं.

दादाने चिंधी बोटांत धरून उन्हाकडे केली. मग खाली ठेवली. मग मुठी मिटल्या, उघडल्या. पुन्हा मिटल्या, उघडल्या.

"मंग मन्हा हात चांगला शेतस," तो म्हणाला.

"चांगला शेतस, दादा."

त्याचे डोळे भरून आले आणि तो हसायला लागला. मला वाटलं होतं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. बायको मात्र हसली नाही. "घर चाला," ती दात खाऊन म्हणाली, "मंग दखाडस तुमले."

परतीला दादाने मला मोटारसायकल चहावाल्याकडे ठेवायला लावली. "तू पुढे बठ," म्हणाला. मी त्याच्या आणि बायकोच्या मधे बसलो. मागे सकाळचीच माणसं. घाट उतरायच्या आधी त्याने गाडी कडेला घेतली, मागे वळला आणि त्यांच्या बोलीत सगळ्यांना काहीतरी सांगितलं. मला सगळं कळलं नाही, पण मिस्तरी आणि ब्रेक हे दोन शब्द कळले. सगळे माझ्या मानेकडे बघत असणार. एका म्हातारीने काहीतरी विचारलं. दादा मला म्हणाला, "ती इचारी ऱ्हायनी, मिस्तरी गाडीमा शे का?"

मी मागे वळून हात वर केला. म्हटलं, आहे. म्हातारीने मान हलवली आणि आपली टोपली मांडीवर घट्ट धरली. कुणी उतरलं नाही. बायकोने माझं मनगट पकडलं, ते खाली पोहोचेपर्यंत सोडलं नाही. गाडी सरळ थांबत होती. प्रत्येक वळणावर सरळ. मी मात्र प्रत्येक वेळी पायाने पत्रा दाबत होतो.

दादाने जीप विकली नाही. आजही तोच चालवतो, बायको आजही त्याच्याच गाडीने बाजारला जाते. क्लच माझ्याकडेच करतो, पाटेही माझ्याकडेच. मध्ये एकदा मी अक्कलकुव्याला गेलो होतो, तर त्याची जीप दुसऱ्याच्या गॅरेजपुढे जॅकवर चढलेली. डावं चाक काढलेलं. मला पाहून दादा लपला नाही. रस्त्यापलीकडून हात वर करून ओरडला, "राग मानू नको, मिस्तरी! ब्रेक शे!"

मीही हात वर केला. बरोबरच होतं त्याचं.